अंथरुणाला खिळलेल्या आजींपर्यंत सरकारी मदत कशी पोहोचली: एक प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून या लेखात नावं टाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात खरी गोष्ट क्रमाचीच आहे: कुठलं दार आधी ठोठावलं, कुठलं नंतर, आणि त्याने काय फरक पडला.

पार्श्वभूमी

आजींचं वय ७३. पश्चिम महाराष्ट्रातलं गाव, तालुक्याच्या ठिकाणापासून बरंच आत. घरात धाकटा मुलगा, सून, दहावीतली नात आणि तिच्या पाठचा नातू. मुलगा एमआयडीसीत कंत्राटी कामगार, पाळ्या बदलत राहणाऱ्या. सून रोजंदारीने शेतात जायची. थोरला मुलगा मुंबईत, मुलगी शेजारच्या तालुक्यात दिलेली. रेशनकार्ड केशरी. घराला दोन्ही हातांची कमाई लागत होती आणि ती कशीबशी पुरत होती.

एका पहाटे आजींची उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. पहिले काही तास लकव्याच्या गावठी औषधासाठी धावाधाव करण्यात गेले. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती वेळ उलटून गेली होती. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे सरकारी आरोग्य योजनांचं काम पाहणाऱ्या मदतनीसाने, आयुष्मान वय वंदना कार्ड काढून दिलं. हे कार्ड ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. दवाखान्याच्या बिलाची काळजी मिटली. लघवीची नळी लावलेल्या अवस्थेत, डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ एवढं वाक्य घेऊन आजी घरी आल्या.

समस्या

घरच्यांची समजूत अशी झाली होती की पाच लाखांच्या कार्डातून घरी येणाऱ्या नर्सचे पैसेही मिळतील. ते मिळत नाहीत. हे कार्ड दाखल होण्यासाठी आहे. डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतचा काही खर्च पॅकेजमध्ये धरलेला असतो, त्यापुढे घर आणि घरातली माणसं. अशा कुटुंबांना सरकारी मदतीचा मार्ग शोधायला मदत करताना घरोघरी हा गैरसमज मी पाहते, आणि तो दूर व्हायला अनेकदा महिना जातो. लकव्याच्या माणसासाठी हा महिना फार मोलाचा असतो, कारण हातापायांत परत येणारी ताकद मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत येते.

सुनेने काम सोडलं. मुलाची पाळी रात्रीची असली की दिवसा झोप नाही, दिवसाची असली की घरी कोणी पुरुषमाणूस नाही. आजींना उचलताना सून त्यांचा लुळा हात धरून ओढायची, कारण दुसरं काही तिला कोणी दाखवलंच नव्हतं. पाणी झोपूनच पाजलं जायचं आणि आजींना ठसका लागायचा. लघवीची पिशवी जमिनीवर पडलेली असायची. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडापाशी कातडी लाल झाली आणि मग फुटली.

याच सुमारास मुलाने नातीला शाळेतून काढायचं ठरवलं होतं. ‘दहावी पुढच्या वर्षी देईल, आजी परत मिळणार नाही,’ हे त्याचं वाक्य. त्यात माया होती हे मी नाकारत नाही. पण घरात काळजी घ्यायला माणूस कमी पडला की पहिली शाळा मुलीची सुटते, आणि इथेही तेच घडू घातलं होतं.

काय काय करता येण्याजोगं होतं

कुटुंबासोबत बसून पर्याय मांडले तेव्हा पहिला विचार ब्युरोमार्फत बाई ठेवण्याचा निघाला. बारा तासांच्या बाईचा दिवसाचा दर सुनेच्या रोजापेक्षा जास्त होता, त्यामुळे तो विचार तिथेच संपला. मुलीने आईला स्वतःकडे न्यायची तयारी दाखवली, पण तिचं घर दोन खोल्यांचं, सासरेही आजारी. वृद्धाश्रमाचं नाव नातेवाइकांपैकी कोणीतरी काढलं. ज्या संस्थेत विचारलं, तिथे चालता-फिरता माणूसच घेतात असं उत्तर मिळालं.

थोरल्या मुलाबद्दल घरात राग होता. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निर्वाहभत्ता महिन्याला दहा हजारांपर्यंत मिळू शकतो आणि वकिलाची गरज नसते. सुनेला हा मार्ग हवा होता. पण अर्ज आजींचा असायला हवा, किंवा त्यांना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेल्या माणसाचा. आजींना नीट बोलता येत नव्हतं, समजत मात्र सगळं होतं. त्यांना विचारलं तेव्हा डावा हात हलवून त्यांनी स्पष्ट नकार दिला. माझ्या मते हा नकार शेवटचा शब्द मानणं योग्य होतं. आजारी माणसाच्या हक्काचा कायदा त्याच्याच इच्छेविरुद्ध वापरला तर तो घरातल्या भांडणाचा कायदा होतो. त्याऐवजी १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर बोलून कायदा समजून घेतला आणि मुलीने थोरल्या भावाशी बोलायचं ठरलं.

उरला सरकारी योजनांचा मार्ग. यातही दोन रस्ते होते. एक तहसील कार्यालयाचा, म्हणजे पेन्शन, दाखले, अर्ज यांचा. दुसरा आरोग्य उपकेंद्राचा. गावात सरकारी मदत म्हटली की माणूस आधी तहसीलकडेच वळतो, आणि मुलगाही तिथल्या संजय गांधी विभागात, म्हणजे पेन्शनचे अर्ज घेणाऱ्या विभागात, जाऊन आला होता.

पहिला निर्णय: तहसील की उपकेंद्र

आपल्याकडे घरी काळजी घेणाऱ्या सरकारी सेवेचा एक अर्ज, एक खिडकी, एक नाव असं काही नाही. जे आहे ते वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांच्या कामाच्या यादीत विखुरलेलं आहे. २०१० पासून चालणाऱ्या ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, ज्याला दवाखान्यात एनपीएचसीई म्हणतात, घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांच्या घरी भेट देणं आणि घरच्यांना काळजी कशी घ्यायची ते शिकवणं हे उपकेंद्राचं काम धरलेलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राने पाठवल्यावर ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवरून पुनर्वसन कर्मचाऱ्याने घरी जाऊन व्यायाम दाखवणंही त्यात येतं. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या काळजीचा कार्यक्रम, २०१२ चा. ज्या जिल्ह्यांत त्याचा कक्ष चालू आहे तिथली टीमही गृहभेटी करते, आणि ती फक्त कॅन्सरच्या रुग्णांसाठी नसते. हे मिळवायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. लागतं ते एवढंच, की अशी एक व्यक्ती या घरात आहे याची नोंद कोणीतरी करावी.

ही नोंद आशाताई करतात. त्यांच्याकडे सीबॅक नावाचा फॉर्म असतो. बहुतेकांना तो बीपी-शुगरचा फॉर्म वाटतो, पण त्यात साठीच्या पुढच्या माणसांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना, चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावं विसरायला होतं का. आजींचा फॉर्म दोन वर्षांपूर्वी भरलेला होता, तेव्हा त्या शेतात जात होत्या. म्हणजे सरकारी नोंदीत त्या अजून धडधाकट होत्या.

आशाताईंनी फॉर्म नव्याने भरला. त्याच आठवड्यात उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि सिस्टर घरी आल्या. या भेटीत झालं ते औषधापेक्षा शिकवण्याचं काम होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, त्यासाठी भिंतीवर तक्ता लावायचा. टाचांखाली उशी नाही, पोटऱ्यांखाली, म्हणजे टाच अधांतरी राहते. पाणी आणि जेवण बसवूनच, मान किंचित पुढे झुकवून. लघवीची पिशवी कमरेच्या खालच्या पातळीला टांगलेली, पण जमिनीला न टेकलेली. लुळ्या हाताला धरून कधीही उचलायचं नाही, त्याने खांदा निखळतो. सुनेने नंतर सांगितलं, ‘एवढं कोणी दवाखान्यात सांगितलं असतं तर जखम झालीच नसती.’ तिचं म्हणणं बरोबर आहे.

दुसरा निर्णय: जखमेसाठी दाखल करायचं का

जखम उथळ होती पण वाढत होती. मुलाला दाखल करायचं होतं, कार्ड आहेच या भरवशावर. सिस्टरचं मत असं की ड्रेसिंग घरी होऊ शकतं, पण कूस बदलली नाही तर दवाखान्यातही जखम भरणार नाही. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांना जखम दाखवली गेली. मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी येऊन पाहून गेले. ठरलं ते असं: घरीच ठेवायचं, पण ताप आला, जखमेला घाण वास आला, काळा भाग दिसला किंवा आजी सुस्त झाल्या तर त्याच दिवशी हलवायचं. या खुणा कागदावर लिहून दिल्या गेल्या. घरी ठेवण्याचा निर्णय सुरक्षित ठरला तो या कागदामुळे. ‘घरी बघू’ आणि ‘या चार गोष्टी दिसेपर्यंत घरी बघू’ यांत फार अंतर आहे.

त्याच भेटीत वैद्यकीय अधिकाऱ्यांना एक विनंती केली: रुग्णाची आजची अवस्था लेखी द्या. डिस्चार्ज कार्डावर निदान होतं, पण ‘खाणं, आंघोळ, शौच, कूस बदलणं या सगळ्याला मदत लागते, अंथरुणावर आहे’ असं कुठेच नव्हतं. हा अर्ध्या पानाचा कागद पुढे जवळपास प्रत्येक टेबलावर उपयोगी पडला.

तिसरा निर्णय: उत्पन्नाचा दाखला

आता पैशांचा रस्ता. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं. कारखान्यात कंत्राटी असला तरी कमावता मुलगा असलेलं घर या आकड्यात बसत नाही. तालुक्याच्या चहाच्या टपरीवरच्या एका एजंटाने उपाय सुचवला: आजींचं रेशनकार्ड वेगळं दाखवा, उत्पन्न कमी लिहा, बाकी मी बघतो.

मुलगा डळमळला होता. महिन्याला दीड हजार म्हणजे डायपरचा खर्च. मी नको म्हटलं, आणि कारण फक्त खोटेपणाचं नव्हतं. आजी खरोखर मुलाच्या घरात, त्याच्याच चुलीवर जेवत होत्या. पुढे दिव्यांग प्रमाणपत्र, साधनांसाठी मदत देणाऱ्या वयोश्री योजना, ग्रामपंचायत अशा ठिकाणी हेच कुटुंब वेगळं उत्पन्न दाखवून गेलं असतं तर एक कागद दुसऱ्याला खोटा पाडणार होता आणि हक्काचं होतं तेही अडकलं असतं. २१,००० ही मर्यादा आजच्या काळात अन्यायकारक आहे असं माझं ठाम मत आहे. दोन वेळची मजुरी करणारं घरही तिच्यात बसत नाही. ती बदलण्यासाठी भांडायला हवं, पण अंथरुणावरच्या बाईच्या कागदांवर ती लढाई लढता येत नाही.

खऱ्या उत्पन्नाचा दाखला काढला. त्यावर मुख्यमंत्री वयोश्री योजना बसली: ६५ वर्षांवरच्यांना साधनं घेण्यासाठी एकदाच ३,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतही नाव दिलं. २०१७ पासूनच्या या योजनेत काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र अशी साधनं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत मिळतात, पण त्यासाठी शिबिराची वाट पाहावी लागते.

तीन हजार मंजूर झाले आणि खात्यात अडकले. आजींचं खातं कित्येक महिने वापरात नव्हतं, केवायसी बाकी होती, आणि बोटांचे ठसे उमटत नव्हते. बँकेने ‘पेशंटला घेऊन या’ म्हटलं. ७० वर्षांवरच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा द्यावी अशी रिझर्व्ह बँकेची नोव्हेंबर २०१७ पासूनची सूचना आहे. तोंडी सांगून काही हललं नाही. मुलाने तिचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, सोबत वैद्यकीय अधिकाऱ्यांचा कागद जोडला, आणि पोच मागितली. पोच मागितल्यावर शाखेतून माणूस घरी आला. त्या पैशांतून हवेची गादी आली. तोवर शेजाऱ्यांकडून उसनी आणलेली पाण्याची गादी वापरात होती.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि ग्रामपंचायतीचा निधी

लकव्यात दिव्यांगत्वाची तपासणी लगेच होत नाही, साधारण सहा महिन्यांनी, सुधारणा स्थिरावल्यावर होते. तोवर नातेवाइकांनी थांबायचं ठरवलं होतं. आम्ही ऑनलाइन नोंदणी, आधारवरचा पत्ता, फोटो ही कामं आधीच उरकून घेतली. ठरलेल्या दिवशी गाडी करून आजींना उपजिल्हा रुग्णालयात नेलं. पायऱ्यांपाशी स्ट्रेचर नव्हतं, मुलाने आणि जावयाने खुर्चीसकट उचललं. प्रमाणपत्र ४० टक्क्यांपेक्षा बरंच जास्त आलं आणि पुढे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र असलेलं कार्ड, मिळालं.

हे कार्ड नुसतं सवलतीचं नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. बऱ्याच गावांत ती वर्षाअखेरीस थोडी थोडी रोख वाटून संपवली जाते. इथे सुनेने महिला ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की घराला रोख नको, कमोडची खुर्ची हवी. सरपंचबाईंनी ती मान्य केली. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला आजींच्या अब्रूच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल या खुर्चीने घडवला. अंथरुणातच शौच करावं लागणं त्यांना लकव्यापेक्षा जड गेलं होतं.

परिणाम

जखम भरायला अडीच महिने लागले. लघवीची नळी त्याआधीच निघाली. ग्रामीण रुग्णालयातला फिजिओथेरपिस्ट दोनदा घरी आला. पुढचे व्यायाम त्याने मोबाइलवर पाहून दुरुस्त केले आणि नातवाने रोज करून घेतले. आजी आता एका माणसाच्या आधाराने खुर्चीवर बसतात, वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात. उजवा हात परतला नाही. बोलणं घरच्यांना कळतं, परक्याला नाही.

नात शाळेतच राहिली. मुलाने ठेकेदाराशी बोलून कायमची रात्रपाळी घेतली, म्हणजे सकाळची आंघोळ आणि उचलणं त्याच्याकडे आलं. बहिणीने समजावल्यावर थोरला मुलगा दर महिन्याला डायपर आणि औषधांचे पैसे पाठवू लागला, तोही कुठल्याही अर्जाशिवाय. सून दुपारपर्यंत कामाला जाते, तेवढा वेळ शेजारच्या मावशी आजींपाशी बसतात.

जे सुटलं नाही ते सुनेचं. तिचा अर्धा रोज बुडतो आणि तो भरून देणारी कुठलीही योजना या कुटुंबाला मिळाली नाही. केरळमध्ये अंथरुणावरच्या रुग्णाची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला आश्वासकिरणम योजनेतून महिन्याला ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण घरातली ही मेहनत हे काम आहे असं सरकारने तिथे मान्य केलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीच्या काळजीवाहकासाठी भत्त्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे तो या सुनेपर्यंत आलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट डिस्चार्जच्या दिवशीची. त्या दिवशी गावाच्या उपकेंद्राला एक फोन गेला असता, आणि वॉर्डातल्या नर्सने सुनेकडून एकदा कूस बदलून घेतली असती, तर तीन आठवडे आणि एक जखम वाचली असती. हे रुग्णालयाने करायला हवं, पण ते होत नसेल तर नातेवाइकांनी मागून घ्यावं: रुग्णाला कोणकोणत्या कामांना मदत लागते ते कार्डावर लिहून द्या, आणि घरी नेण्याआधी आमच्यातल्या एकाला शिकवा.

बँकेचं खातं चालू आहे का, आधारला जोडलेलं आहे का, हे मंजुरीनंतर नव्हे तर अर्जाच्या वेळीच पाहायला हवं होतं. राष्ट्रीय वयोश्रीच्या शिबिराच्या भरवशावर चाकाच्या खुर्चीचा शोध थांबला, तोही टाळता आला असता. अनेक तालुक्यांत सेवाभावी संस्था अनामत घेऊन अशी साधनं वापरायला देतात आणि नको झाल्यावर परत घेतात.

सुनेच्या पाठीकडे सगळ्यांचं लक्ष उशिरा गेलं. फिजिओथेरपिस्टच्या दुसऱ्या भेटीत, तो निघत असताना सून कमरेला हात लावून उठली म्हणून, त्याने तिला रुग्णाला उचलायची पद्धत दाखवली: गुडघे वाकवून, रुग्णाला अंगाजवळ घेऊन, कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरून. पहिल्या भेटीत आजींसोबत तिचीही तपासणी व्हायला हवी होती.

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३८ खाली जास्त आधाराची गरज ठरवून मिळावी यासाठी आजींच्या वतीने अर्ज तयार केला आहे. सोबत यूडीआयडी, वैद्यकीय अधिकाऱ्यांचा तो अर्ध्या पानाचा कागद, आणि या वेळी सुनेने स्वतः लिहिलेला दिवसभराच्या कामांचा तक्ता आहे. पहाटे पाचला सुरू होऊन रात्री अकराला संपणारा.